मानवाकृती शिकायला नाशिकला: दोन दिवसांचा वृत्तांत

आमच्या शाळेतली मुलं स्मरणचित्रात आठवडे बाजार काढतात तेव्हा भाजीच्या पाट्या झकास येतात. पाटीमागची माणसं मात्र भिंतीला टेकवून ठेवलेल्या बाहुल्यांसारखी दिसतात. मी संगमनेरला चित्रकला शिकवते. एटीडीला, म्हणजे कलाशिक्षक पदविकेला, आम्ही उभ्या आकृतीची प्रमाणं घोटली, पण उकिडवा बसलेला, ओझं उचलणारा, वाकून भांडी घासणारा माणूस ज्याचा त्यानेच शोधायचा होता. त्यात आठवीतला एक मुलगा व्यंगचित्रं काढतो. त्याला ‘आधी शरीररचना पक्की कर’ असं सांगत होते, पण कुठल्या पुस्तकातून, हे मला सांगता येईना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस काढून नाशिकला गेले.

जायचं तर मंगळवारी रात्री मुक्कामाला पोचा, कारण गंगेवरचा बाजार बुधवारी भरतो (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). संगमनेरहून एसटी सिन्नर, नाशिकरोड करत जाते. द्वारकेला उतरलं की रिक्षाने घाट जवळ. मी नाशिकरोडला एटीडीच्या मैत्रिणीकडे उतरले होते. सकाळी सातलाच निघालो. नऊनंतर गर्दी एवढी होते की बसून काढायला जागा मिळत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन आलेले असतात, दशक्रियेचे विधी चाललेले असतात. तिथे वही उघडू नका. थोडं खाली बाजाराच्या बाजूला सरका. आणि ज्याचं चित्र काढायचं त्याला आधी विचारा, फार तर नाही म्हणतील. मी एका कोथिंबीरवाल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, “काढ की बाई, पण ऊन यायच्या आत काढ, मग मी सावलीला सरकते.”

आजी उकिडव्या बसल्या होत्या. डावा तळवा पूर्ण टेकलेला, उजवी टाच किंचित उचललेली, आणि सगळा भार डाव्या पायावर. उजवा हात गुडघ्यावर टाकून त्या जुडी बांधत होत्या. हात लांब करून पेन्सिलीवर डोकं मोजलं, तर डोक्यापासून जमिनीपर्यंत अख्ख्या आजी जेमतेम साडेतीन डोक्यांत बसल्या. मी पहिल्यांदा पाच डोकी धरून काढल्या होत्या, त्या बसलेल्या न वाटता उठायला लागलेल्या वाटत होत्या. दुसऱ्या खेपेला आधी जमिनीची रेघ, मग भार घेतलेलं पाऊल, मग माकडहाड आणि सगळ्यात शेवटी डोकं असा क्रम धरला. तेव्हा कुठे आजी जमिनीवर बसल्या. लुगड्याच्या निऱ्यांत गुडघा कुठे आहे हे मात्र कळेना, आणि तो प्रश्न घेऊनच मी पुस्तकांकडे वळले.

घाटावर दुतोंड्या मारुती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाशिककर गोदावरीचा पूर त्याच्या अंगावर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. प्रमाण म्हणजे काय ते मुलांना समजावायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दुपारी पुस्तकं. माझ्याकडे अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराच्या ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ची एक प्रत होती, ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून मागवलेली. मूळ पुस्तक १९४३चं. २०११पासून टायटन या इंग्लंडच्या प्रकाशनाने लूमिसची पुस्तकं पुन्हा छापली, आणि त्यातली प्रत मैत्रिणीकडे होती. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि वाईट वाटलं. लूमिस आकृतीच्या आतून फिक्या बांधणीच्या रेघा ओढतो: खांद्यांची तिरकी रेघ, कमरेची उलटी तिरकी रेघ, छातीचा पिंजरा. चांगल्या प्रतीत त्या दिसतात. माझ्या प्रतीत नुसती बाहेरची काळी रेघ उरलेली, म्हणजे जे शिकायचं तेच छपाईत पुसलं गेलेलं. वर्षभर मी बाह्यरेषा गिरवत होते. म्हणून पुस्तक घेताना आतल्या एखाद्या पानाचा फोटो मागा आणि फिक्या रेघा दिसतात का ते बघा.

पैसे नसतील तरी अडत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. लूमिस १९५९ साली गेला, त्याचे गुरू जॉर्ज ब्रिजमन १९४३ साली. दोघांच्या पुस्तकांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. छापून घेताना झेरॉक्सवाल्याला ‘ग्रे-स्केल’ असं बजावून सांगा, नाहीतर माझ्या प्रतीसारखीच गत होईल.

आजींच्या गुडघ्याचं उत्तर ब्रिजमनने दिलं. त्याचं ‘कन्स्ट्रक्टिव्ह अॅनाटॉमी’ १९२०चं. तो छाती, डोकं, कंबर हे तीन ठोकळे मानतो आणि ते एकमेकांत पाचरीसारखे कसे बसतात ते दाखवतो. गुडघासुद्धा त्याच्याकडे गोल नाही, ठोकळाच आहे, पुढची बाजू आणि दोन कडा असलेला. निऱ्या त्या कडांवर अडकतात आणि तिथूनच खाली सुटतात. वही उघडून पाहिलं तर माझ्या चित्रात निऱ्या हवेतूनच लोंबत होत्या. नवशिक्याच्या हाती एकदम ब्रिजमन मात्र देऊ नये, त्याची चित्रं फार दाट आहेत. मुलांसाठी लूमिसचंच १९३९चं ‘फन विथ अ पेन्सिल’ घ्या. त्यात चेंडूवरून गमतीदार चेहरे, तिथून खरी डोकी, मग पूर्ण आकृती अशी पायरीपायरीने चढण आहे. व्यंगचित्र आणि शरीररचना ही दोन वेगळी दुकानं नाहीत, हे मुलाला न सांगता कळतं.

व्यंगचित्रांसाठी सार्वजनिक वाचनालयात गेलो. १८४० साली सुरू झालेली ही संस्था नाशिककर ‘सावाना’ म्हणून ओळखतात. मैत्रीण सभासद आहे, तिच्यामुळे दिवाळी अंक निवांत चाळता आले. तुमचं कुणी ओळखीचं सभासद असेल तर आधी फोन करून ठेवा. शि. द. फडणीसांचं एकेक शब्दविरहित चित्र वहीत उतरवून बघा. रेघ एकच, पण भार कुठल्या पायावर आहे ते त्या एका रेघेत कळतं. जुने दिवाळी अंक रद्दीच्या दुकानातही किलोवर मिळतात, मी सहा आणले. तिथेच प्रेस्टन ब्लेअरचं ‘अॅनिमेशन’ सापडलं, मोठ्या आकाराचं पातळ पुस्तक, कोपरा वाळवीने खाल्लेला. ब्लेअर डिस्नेच्या ‘फँटेझिया’त नाचणाऱ्या पाणघोड्यांवर काम केलेला माणूस. पूर्ण शरीरातून जाणारी एकच वळणदार रेघ आधी ओढायची, ही त्याची शिकवण. तो १९९५ साली गेला, त्यामुळे त्याचं पुस्तक विकतच घ्यावं.

दुसऱ्या दिवशी पांडवलेणी. पाथर्डी फाट्याकडे जाणारी शहर बस धरा, पाणी बरोबर घ्या, आणि उन्हाच्या आधी चढा. वर पंधरा-वीस मिनिटं लागतात. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, तिथे परतताना जा. वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चौकट टिपणारा हा माणूस त्र्यंबकेश्वरी जन्मला होता, हे मुलांना आवर्जून सांगते.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात थांबा. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, दान दिलेलं हे लेणं. ओसरीच्या खाली सहा यक्ष कमरेपर्यंत जमिनीतून वर आलेले, खांद्यांवर दगडी तुळया घेतलेले. माना आत दबलेल्या, खांदे कानांपर्यंत चढलेले. ब्रिजमनचे ठोकळे उघडून समोर धरले तर छातीचा ठोकळा कुठे दाबला गेलाय ते बोटाने दाखवता येतं. मी तिथे दोन तास बसले, मैत्रीण पुढच्या लेण्यांत जाऊन आली तरी माझा तिसराच यक्ष चालू होता. साहित्य फार नको: ४बी पेन्सिल, क्लिपबोर्ड आणि न्यूजप्रिंटचे कागद. चारकोल नेऊ नका, त्याची पूड लेण्यात सांडते.

परत आल्यावर तो आठवीतला मुलगा पुस्तक मागायला आला. मी त्याला न्यूजप्रिंटचे दहा कागद दिले. आपल्या बाजारातली दहा माणसं काढून आण, बसलेली, आणि प्रत्येकाचा भार कुठल्या पायावर आहे तिथे फुली मार. पुस्तक कपाटात काढून ठेवलंय, तो आला की त्याचंच.