वळीव घाट उतरणार का?

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास घाटमाथ्यावर ढगांचे पांढरे ढीग चढायला लागले, की कोकणात घरोघरी एकच प्रश्न असतो: येतोय, की तिकडेच जातोय? अंगणात आमसुलं आणि आंबापोळी वाळत घातलेली असते, तेव्हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो. पण ढगाचा काळेपणा बघून याचं उत्तर मिळत नाही. तो ढग समुद्राकडे उतरणार की सातारा-कोल्हापूरकडे सरकणार, हे बहुतेक वेळा तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचा वारा ठरवतो.

दुपारी खारे वारे समुद्राची ओल घेऊन सह्याद्रीला भिडतात आणि वर चढतात. पलीकडून देशावरची तापलेली, कोरडी हवा येते. दोन्ही माथ्याजवळ एकमेकींवर आदळतात आणि तिथून ढग उभा राहतो. वरचा वारा पश्चिमेचा असेल, तर कोकणाला फक्त गडगडाट ऐकू येतो. पूर्वेचा असेल, तर ढग घाट उतरतो. ऑक्टोबरात वरचा वारा बहुधा पूर्वेचाच असतो, म्हणून परतीचा पाऊस संध्याकाळी डोंगराकडून किनाऱ्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये उत्तर कोकणावर पश्चिमेच्या वाऱ्याचं राज्य जास्त असतं, आणि सिंधुदुर्गाला वळीव जास्त मिळण्यामागे हेही एक कारण आहे.

हा वारा सकाळीच बघता येतो. मुंबईत सांताक्रूझहून आणि गोव्यात पणजीहून हवामान विभाग हवा मोजणारी यंत्रं बांधलेले फुगे सोडतो. पहाटेच्या फुग्याची नोंद अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. ७०० आणि ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या ओळी शोधा, म्हणजे साधारण ३.१ आणि ५.८ किमी उंची. दिशेच्या रकान्यात ४५ ते १३५ अंश असेल, तर वारा पूर्वेकडून येतोय. रत्नागिरीसाठी दोन्ही नोंदी बघाव्यात, कारण गाव दोघांच्या मध्ये पडतं.

त्याच नोंदीत ‘केप’ म्हणजे हवेत साठलेल्या उर्जेचा आकडा असतो, आणि नवखा माणूस इथेच फसतो. मे महिन्यात किनाऱ्यावर दवबिंदू (हवेतली ओल दाखवणारं तापमान) २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे केप किलोला २०००-३००० ज्यूल सहज दिसतो आणि तरीही आभाळ निरभ्र राहतं. कारण वर एक-दोन किलोमीटरवर देशावरच्या कोरड्या, गरम हवेचं झाकण बसलेलं असतं. फुग्याच्या नोंदीच्या आलेखात तापमान आणि दवबिंदूच्या रेषा तिथे फटकन एकमेकींपासून दूर जातात. ते झाकण किनाऱ्यावर फुटत नाही, घाटाच्या चढावर फुटतं. म्हणून किनाऱ्याचा केप बघून आंबापोळी उचलायची घाई नको.

वरचा वारा दहा नॉटच्या (ताशी साधारण १८ किमीच्या) आत असेल, तर मात्र हिशेब बदलतो. मग ढगाखालून सुटलेली थंड हवा उतारावरून खाली येते, खाऱ्या वाऱ्याला भिडते आणि तिथे नवा ढग उगवतो. जुना माथ्यावर विरत असतो आणि नवा दहा किलोमीटर पश्चिमेला फुगत असतो. अशा दिवशी अंदाज सर्वांत जास्त चुकतात.

दुपारनंतर हवामान विभागाचं रडार बघा. चित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. चित्र हाती येईपर्यंत दहा-वीस मिनिटं उलटलेली असतात, म्हणजे ताशी २५ किमीने येणारा ढग तेवढ्यात चार ते आठ किलोमीटर पुढे आलेला असतो. दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. पणजीच्या रडारपासून रत्नागिरी सुमारे १७५ किमी आहे. अर्ध्या अंशावर सोडलेला झोत तिथे पोचेपर्यंत तीन किलोमीटरहून जास्त उंच गेलेला असतो. ढगाचं धड दिसतं, पण जमिनीलगत पळणारा झंझावात दिसत नाही. तो डोळ्यांनीच टिपावा लागतो.

त्यासाठी माडासारखं यंत्र नाही. खारं वारं चालू असताना झावळ्या डोंगराच्या दिशेला ओढलेल्या असतात. मग अचानक सगळं स्तब्ध होतं, झावळ्या सरळ खाली लोंबतात, उकाडा असह्य होतो. ही शांतता काही मिनिटांची असते. त्यानंतर झावळ्या समुद्राकडे उलटल्या आणि मातीचा वास आला, की झंझावात पोचला. पाऊस अजून मागेच असतो. वाळवण उचलायचं ते शांततेत, पहिल्या थेंबाची वाट बघत नव्हे. छोट्या होडीतल्या माणसाला तर हा वारा किनाऱ्यापासून दूर लोटतो. पावसाआधीचा वारा काय करू शकतो, हे १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये दिसलं: धुळीच्या वादळात होर्डिंग कोसळून १७ जण गेले.

वादळाचा पाठलाग म्हणाल, तर अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची सपाट जमीन आणि चौकटीचे सरळ रस्ते इथे नाहीत. घाटाच्या वळणांवर ढगाला गाठता येत नाही, समोरचा डोंगर आभाळ झाकतो, वर दरडीची भीती. इथे पाठलाग नाही, दबा धरायचा. माथ्यापासून किनारा साधारण ४०-५० किमी, म्हणजे दीड-दोन तास हातात असतात. दृश्य सर्वांत मोकळं सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून दिसतं, पण सड्यावर उभा माणूस हाच सर्वांत उंच असतो. विजेपासून वाचायला बंद, धातूच्या छपराची गाडी हवी, रिक्षा आणि बाईक उपयोगाची नाही. गाडी आंब्याखाली किंवा माडाखाली लावू नका.

टोर्नेडोची आशा धरू नये. तो ज्यातून उतरतो त्या फिरत्या महाढगासाठी जमिनीपासून सहा किलोमीटरपर्यंत वाऱ्याचा वेग किंवा दिशा बरीच बदलावी लागते, फरक साधारण ४० नॉटचा. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत तो बहुधा याच्या निम्माही नसतो. समुद्रावर कधी ढगाखाली पाण्याची सोंड लोंबते, ती वेगळ्या जातीची: शांत वाऱ्यात, वाढत्या ढगाच्या बुडाशी.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप २० आणि ४० किमीच्या परिघातली वीज दाखवतं. रेंज नसेल, तर चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, की आत जायचं. ऑक्टोबरात भातकापणीच्या वेळी चूक पाऊस थांबल्यावर होते: कापलेलं भात भिजू नये म्हणून माणसं लगेच शेतात उतरतात, आणि ढगाचं पसरलेलं छत्र अजून डोक्यावर असतं. वीज त्यातूनही पडते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजायची, आणि मध्ये पुन्हा गडगडलं तर पहिल्यापासून.