पानं वाढतील

आमच्या कुलमंडळाला या डिसेंबरात २५ वर्षं पुरी होतायत. त्यानिमित्त संमेलन वाईला भरवायचं, एवढं ठरायला चार बैठका लागल्या. मंडळात दोन पक्ष आहेत, एक कोकणवाला आणि एक घाटावरचा. कोकणवाल्यांचं म्हणणं, मूळ गाव तिकडे, कुलदैवत तिकडे, मग रौप्यमहोत्सव दुसरीकडे कसा? घाटावरच्यांनी फक्त पहिल्या संमेलनाची आठवण काढली. ते मूळ गावी, भर मे महिन्यात झालं होतं. दीडशे माणसं, दोन संडास. पहाटे पाचपासून रांग. खरं सांगायचं तर माझ्या निम्म्याअधिक चुलत-चुलत भावंडांशी माझी ओळख त्या रांगेतच झाली, आणि हातात बादली घेऊन झालेली ओळख टिकते असा अनुभव आहे. पण मुद्दा बिनतोड होता. गावातलं आमचं शेवटचं घरही आता कुलपात आहे. तेव्हा मूळपुरुषाचा नातू घाट चढून जिथे आला, ती वाई ठरली.

मग तारीख. कुणीतरी कृष्णाबाईच्या उत्सवात करू म्हणालं. वाईच्या घाटांवर थंडी सरताना एकामागून एक हा उत्सव होतो, प्रत्येक आळीची कृष्णाबाई वेगळी, प्रत्येकीचा प्रसाद वेगळा. कल्पना सुंदर, पण त्या दिवसांत वाईत आचारी सापडणं कठीण. मग नाताळच्या सुट्टीवर शिक्कामोर्तब झालं. अमेरिकेतली मंडळी तेव्हाच येतात. तिथी काढली तर पौष. "पौषात शुभकार्य?" असं एक आत्या म्हणाल्या. खजिनदार वहिनी म्हणाली, "आपण कुणाचं लग्न लावत नाही आहोत. आणि पौषात लग्नं नसतात म्हणून कार्यालय निम्म्या भाड्यात मिळतंय." आत्यांनी लगेच पौष मान्य केला.

मी या मंडळात कोण, असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर नाही. मी या कुळाची लेक. म्हणजे आडनावाने आता दुसऱ्याच कुळाची. बँकेतून निवृत्त झाले, हिशेब चांगला ठेवते आणि नाही म्हणता येत नाही, एवढ्या तीन गुणांवर कार्यकारिणीत घेतली गेले. आणि चष्मा लावून बारीक अक्षर वाचता येतं म्हणून कुलवृत्तांताच्या सुधारित आवृत्तीची प्रुफं माझ्याकडे आली.

ज्यांनी कुलवृत्तांत हा प्रकार कधी हाताळला नाही त्यांना सांगते: त्यात गोष्ट नसते, पण एकदा हातात घेतला की सुटत नाही. वर मूळपुरुष, त्याखाली मुलगे, त्यांच्याखाली मुलगे, अशा वंशवेली. मग प्रत्येक घराण्याचा क्रमांक, पिढीचा क्रमांक आणि दोन-चार ओळींत माणसाचं आयुष्य. 'मॅट्रिक. रेल्वेत नोकरी. सोलापूर. भजनाची आवड.' संपलं. आमच्या दुसऱ्या शाखेत सात पिढ्यांत दोनच नावं आहेत. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, म्हणून विष्णूचा नारायण, नारायणाचा विष्णू, असं रहाटगाडगं चाललेलं. मागच्या आवृत्तीत त्यातल्या एका विष्णूला दुसऱ्या विष्णूची मुलं चिकटली होती. परिणामी १८९७ च्या प्लेगात गेलेल्या माणसाला १९०४ साली पुत्ररत्न झालं. २५ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. हा गुंता सुटला तो त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत. तिथे माझ्या आजोबांनी कधीतरी जाऊन आपली, भावांची, वडील-चुलत्यांची नावं स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली होती. आडनाव आणि गाव सांगितल्यावर गुरुजींनी फडताळातून ती लांबुडकी वही काढली. आजोबांचं ते ठसठशीत, थोडं उजवीकडे कललेलं अक्षर समोर आलं आणि मी प्लेगबिग सगळं क्षणभर विसरले.

वंशवेलीत काही नावांपुढे 'नि.' असं छापलेलं असतं. नि. म्हणजे निर्वंश. माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावापुढे ते आहे. या गृहस्थांना चार मुली होत्या. त्यातल्या सगळ्यात धाकटीला मी पाहिलंय. आमच्याकडे यायच्या तेव्हा डब्यात बेसनाचे लाडू असायचे, आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून त्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायच्या. निर्वंशाच्या लेकीच्या हातचे लाडू मी खाल्लेले आहेत, चांगले आठ-आठ.

कुळात येणाऱ्या बायकांची नोंद थोडी बरी असते. त्यांच्या नावापुढे कंस करून 'पूर्वाश्रमीच्या' अमुक असं लिहितात. हा शब्द संन्याशांना वापरतात. म्हणजे लग्न करून आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक बाईने संन्यास घेतला, असं कुलवृत्तांताचं मत आहे. वहिनीला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "चूक काहीच नाही, छापू दे."

आणि मूळपुरुषाच्या शेजारी तर चौकटच कोरी. त्याच्या बायकोचं नाव कुणालाही ठाऊक नाही. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांच्या बायकांची नावं घेतात, पण त्याच्या पलीकडे गुरुजींचंही काही चालत नाही.

माझी स्वतःची नोंद एका ओळीची आहे. 'कन्या. बी. कॉम. बँकेत नोकरी. विवाहित. पुणे.' पुण्यानंतर पूर्णविराम. माझी दोन मुलं त्या पूर्णविरामात आहेत.

प्रुफं तपासताना मी त्या पूर्णविरामाशी बराच वेळ थांबले आणि मग पुढच्या बैठकीत विषय काढला. फार काही मागितलं नाही. लेकींची मुलं, निदान त्यांची नावं, आईच्या नोंदीखाली यावीत, एवढंच. कुणी रागावलं नाही. उलट सगळे फारच समजूतदारपणे बोलले, आणि तीच तर पंचाईत. एक जण म्हणाले, ती मुलं त्यांच्या वडिलांच्या कुलवृत्तांतात येतीलच की. (माझ्या सासरच्या कुळाने आजवर कागदाला पेन लावलेलं नाही.) दुसरे म्हणाले, गोत्राचं काय करायचं? तरुण मंडळी माझ्या बाजूने होती, पण ती स्क्रीनवर होती आणि बोलताना म्यूट होती. शेवटी अध्यक्ष काका चष्मा पुसत म्हणाले, "ताई, तुझं म्हणणं तत्त्वतः मान्य आहे. पण पानं वाढतील."

कागदाचा भाव, बांधणी, पोस्टाचा खर्च. काकांनी आकडा मांडून दाखवला. मी बँकेतली. आकडा बरोबर होता.

ऑक्टोबरात आम्ही कार्यालय बघायला वाईला गेलो. काका, वहिनी, मी, आणि गाडी चालवायला आमचे हे. यांना मंडळात 'जावईबापू' म्हणतात. पेट्रोल यांचंच. सुरूर फाट्याला आत वळलो तसे काका खुलले. त्यांचं बालपण इथल्या गंगापुरीत गेलं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. सातही आळ्या त्यांनी एका दमात म्हणून दाखवल्या आणि मग जावईबापूंकडून म्हणवून घेतल्या.

ढोल्या गणपतीपुढे उभं राहिल्यावर व्याख्यान झालं. १७६२ सालचं देऊळ, बांधलं रास्त्यांनी. मागची भिंत माशासारखी निमुळती, का, तर कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगावं. हे सगळं मला पाठ आहे, तरी दर वेळी मी त्या भिंतीला वळसा घालून येते. पुढ्यात तो एवढा थोरला, निवांत बसलेला गणपती, आणि त्याच्या पाठीशी आयुष्यभर पाण्याशी झुंजायला बांधलेली भिंत. पाया पडायला सगळे पुढूनच जातात.

"आणि हे रास्ते मुळातले गोखले बरं का," काका म्हणाले. "शाहू महाराजांनी दिलेलं नाव."

"म्हणजे आडनाव बदललं तरी कूळ राहतं," मी म्हणाले.

काकांना सुगावा लागला नाही. ते पुढे रंगात येऊन सांगत होते, की याच घराण्यातल्या गोपिकाबाई. नानासाहेब पेशव्यांची बायको. विश्वासराव, माधवराव, नारायणराव, तिघांची आई. त्यातले दोघे पेशवे झाले. "रास्त्यांची लेक ती! अजून अभिमानाने सांगतात रास्ते."

"त्यांच्या कुलवृत्तांतात काय लिहिलं असेल हो?" मी विचारलं. "कन्या. विवाहित. पुणे?"

वहिनी पाठ फिरवून नदीकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग मोडी कागदांच्या विषयावर गेले. वाईत हा विषय कधीही काढता येतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो इथे सापडलेल्या कागदांवरून. तेव्हापासून वाईशी नातं असलेल्या प्रत्येक घराला वाटतं, की आपल्या माळ्यावरच्या पेटीत पानिपत आहे. आमच्याही पेटीत होतं. पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो, की आपला एक पूर्वज १७६१ साली भाऊसाहेबांबरोबर होता आणि पुरावा पेटीतल्या रुमालात आहे. संमेलनात त्याचं प्रदर्शन करायचं म्हणून या वर्षी एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून कागद वाचून घेतले. पूर्वज पानिपतावर नव्हते. ते घरीच होते आणि दोन तांब्याच्या घागरी नि एका परातीवरून सख्ख्या भावाशी भांडत होते. भांडणाचा निवाडाही कागदात आहे: परात थोरल्याकडे राहावी, कार्यप्रसंगी धाकट्याने न्यावी. मला हा कागद पानिपतापेक्षा फार आवडला. प्रदर्शनात तो ठेवायचा की नाही यावर अजून एकमत नाही. ती परात आमच्याकडे आहे, हे मी मुद्दामच कुणाला सांगितलेलं नाही.

विश्वकोशाच्या कचेरीवरून जाताना मी हळूच नमस्कार केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून मराठी विश्वकोश उभा केला. पहिला खंड १९७६ सालचा. अ पासून सुरुवात करून जगातलं सगळं मराठीत लिहायचं म्हणजे केवढी प्रुफं आली असतील! आणि किती जणांनी किती वेळा म्हटलं असेल, शास्त्रीबुवा, पानं वाढतील.

कार्यालय नदीपासून जवळ, खाली फरशी, वर पत्रा, स्वच्छ. संडास मोजले. दहा. वहिनीने ते वहीत अधोरेखित केलं. मग व्यवस्थापकांनी त्यांच्या ओळखीच्या आचाऱ्यांना बोलावून घेतलं. आचारी सायकलवरून आले, खिशातून लहानशी डायरी काढली, पेन कानामागून काढलं.

न्याहारीला काय? उपमा आणि शिरा. काकांना सांजा हवा होता, मिळाला. जेवायला? मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा. गोडाला जिलबी की बासुंदी यावर काका आणि जावईबापू यांच्यात गंभीर चर्चा झाली. आमचे हे, ज्यांचा या कुळाशी कागदोपत्री काडीचा संबंध नाही, त्यांनी ज्या तळमळीने जिलबीची बाजू मांडली ती ऐकून आचारी म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही म्हणाल तशी पाडतो." बुफे नको, पंगत हवी, यावर मात्र सगळे एकदिलाने एक झाले. आग्रह करता आला पाहिजे.

"बरं," आचाऱ्यांनी डायरीचं कोरं पान उघडलं. "पानं किती धरू?"

वहिनी म्हणाली, नोंदणी झालीये ती एकशे ऐंशी कुलबंधूंची, म्हणजे त्यांची आणि घरच्यांची मिळून.

"छे छे," काका म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "अगं, मुली येतील ना. आपल्या सगळ्या लेकी. त्यांचे नवरे. त्यांची मुलं. त्या मुलांची लग्नं झालीत, त्यांच्या बायका, जावई, नातवंडं. हिच्याकडचेच सहा धर. थोरल्या आत्याकडचे अकरा. सोलापूरच्या बेबीकडचे तर टेम्पो करून येतात." बोटं संपली तशी त्यांनी पेरं धरली. अंगठा पेरांवरून पुढे पुढे सरकत होता, ओठ हलत होते. एकही नाव चुकलं नाही.

"तीनशे वीस पानं धरा," ते म्हणाले. "आणि वर दहा-वीस वाढली तर वाढू देत. कमी पडायला नकोत."

आचाऱ्यांनी डायरीत लिहिलं, पेन पुन्हा कानामागे खोचलं आणि विचारलं, "आगाऊ रक्कम कोण देणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.