सोसायटीचा एसटीपी संस्थेच्या नावावर होईपर्यंत

पुण्याच्या सूस परिसरातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एसटीपी, विकसकाकडून ताब्यात घेण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिले. पंप, ब्लोअर (टाकीतील पाण्यात हवा सोडणारी यंत्रे) आणि टाक्यांची तपासणी एका अभियंत्याने फारसा वेळ न घेता करून दिली आणि देखभालीसाठी ठेकेदारही लवकर मिळाला. वेळ गेला तो कागदांत. एकाच टाकीतील पाण्याबद्दल दिल्ली, मुंबई आणि पुणे या तिन्ही ठिकाणच्या सत्ता आपापला कागद मागतात, आणि कोणता कागद कोणाकडे आहे व तो त्यांच्याकडेच का आहे हे कळल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही. यातील ‘का’ शोधता शोधता मी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपर्यंत, म्हणजे कोणत्या विषयावर केंद्राने कायदा करायचा आणि कोणत्या विषयावर राज्याने हे ठरवणाऱ्या याद्यांपर्यंत, जाऊन पोहोचलो. हिशेबनीस म्हणून नोकरी केलेल्या माणसाला त्या वाटेने जाण्याचे एरवी काही कारण नव्हते.

विकसकाने दिलेल्या फायलीत सर्वांत वर पर्यावरण मंजुरीचे पत्र होते. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्र असलेल्या प्रकल्पाला ही मंजुरी बांधकामाआधी घ्यावी लागते. आमच्या इमारती त्या मर्यादेच्या पुढच्या. पत्र मुंबईहून, राज्यस्तरीय पर्यावरणीय आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडून आलेले होते, म्हणून मी ते राज्य सरकारचे मानून चाललो असतो, पण मथळ्याखालचा मजकूर वेगळेच सांगत होता. हे प्राधिकरण नावाने राज्यस्तरीय असले तरी ते स्थापन होते केंद्राच्या अधिसूचनेने, १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या कलम ३ खाली. सदस्यांची नावे राज्य सुचवते आणि नेमणूक केंद्र करते. त्यांची मुदत संपून नवे प्राधिकरण नेमले गेले नाही, तर राज्याच्या वाट्याचे प्रकल्प थेट दिल्लीत तपासले जावेत अशी तरतूदही त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे येथे राज्य जे काम करते ते केंद्राचा अधिकार वापरून करते.

दुसरा कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचा, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या परवानगीचा. त्याची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरण संस्थेच्या नावाने करायचे होते. या कागदाची वंशावळ पहिल्याच्या नेमकी उलट आहे. सातव्या अनुसूचीत ‘पर्यावरण’ अशी नोंदच नाही. घटना लिहिली गेली त्या काळी हा विषय या नावाने कोणी मांडत नव्हते. ‘पाणी’ ही नोंद मात्र राज्यसूचीत १७ व्या क्रमांकावर आहे आणि सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता ६ व्या क्रमांकावर. त्यामुळे जलप्रदूषणाविरुद्ध कायदा करायचा तर संसदेला राज्यांची विनंती लागत होती. अनुच्छेद २५२ खाली बारा राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले आणि १९७४ चा जल कायदा झाला. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता आणि त्याखाली १९७० मध्ये मंडळही उभे केले होते. केंद्रीय कायदा येथे १ जून १९८१ पासून स्वीकारला गेला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेल्या १९८६ च्या कायद्यासाठी मात्र संसदेने राज्यांचे ठराव मागितले नाहीत. पर्यावरणावरील १९७२ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांची अंमलबजावणी या आधारावर, अनुच्छेद २५३ खाली, तो सबंध देशासाठी झाला. पाच वर्षे आधीचा १९८१ चा वायू कायदाही याच वाटेने आला होता आणि आमच्या डिझेल जनरेटरचा उल्लेख संमतीपत्रात आहे तो त्याच्यामुळे.

हा इतिहास निव्वळ कुतूहलाचा नाही. जल कायद्यात २०२४ साली शिक्षेच्या तरतुदी सौम्य करणारी दुरुस्ती झाली, तीही सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेश एवढ्यांनाच लागू झाली, कारण मूळ कायदा ठरावांच्या पायावर उभा असल्याने प्रत्येक राज्याने दुरुस्ती वेगळी स्वीकारावी लागते. इंटरनेटवर वाचलेली कायद्याची प्रत आपल्या राज्यात जशीच्या तशी लागू आहे का, हे म्हणूनच तपासून घ्यावे. आमच्या सल्लागाराने अर्जाच्या पहिल्या मसुद्यात जल कायदा आणि १९८६ चा कायदा या दोन्हींची कलमे एकाच दमात लिहिली होती; ती वेगळी करून घेण्यात माझे बरेच दिवस गेले.

नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन भरल्यावर मंडळाच्या क्षेत्र अधिकारी पाहणीला आल्या. त्यांनी टाक्या पाहिल्या, वीजमीटरचे आकडे टिपून घेतले आणि मग म्हणाल्या, “काका, पर्यावरण मंजुरी अजून बिल्डरच्याच नावावर आहे. ती तुमच्याकडे आल्याशिवाय अटींची जबाबदारी कोणाची, हे मी अहवालात काय लिहू?” त्यांचा मुद्दा अगदी रास्त होता. संमतीपत्र राज्याचे असले तरी त्यातील कित्येक अटी केंद्राच्या अधिसूचनेतून निघालेल्या मंजुरीवर टेकलेल्या असतात, आणि दोन कागदांवर दोन वेगळी नावे असली की नियमभंग झाल्यास नोटीस कोणाला काढायची हेच ठरत नाही.

मंजुरीच्या हस्तांतरणाची तरतूद २००६ च्या अधिसूचनेतच आहे. मूळ धारकाने अर्ज करावा, किंवा नव्या धारकाने त्याची लेखी ना-हरकत जोडून करावा. अर्ज जातो केंद्राच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर आणि निर्णय होतो मुंबईच्या प्राधिकरणात. कागदोपत्री हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सगळी किल्ली त्या एका ना-हरकत पत्रात असते आणि विकसकाला हे पक्के ठाऊक असते. आमच्या विकसकाने ते पत्र देखभाल शुल्काच्या जुन्या वादाशी जोडून ठेवले. एका सभासदाचा आग्रह होता की सरळ राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जावे. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे, मग दूर जायचे कारण काय? मला तो मार्ग पटला नाही. न्यायाधिकरण पर्यावरणाच्या प्रश्नासाठी आहे, संस्था आणि विकसक यांच्यातील हिशेबासाठी नाही, आणि आमचे पाणी तोवर कोणाचे नुकसान करत नव्हते. त्याऐवजी मंजुरीतील अटींचा एक तक्ता करून, प्रत्येक अटीसमोर ‘आज कायद्याने जबाबदार कोण’ असा रकाना ठेवून तो विकसकाच्या कार्यालयात दिला. हस्तांतरण होईपर्यंत त्या रकान्यात त्यांचेच नाव राहणार होते. तक्ता त्यांच्या वकिलांनी वाचला असावा, कारण त्यानंतर पत्र मिळायला फार वेळ लागला नाही.

मधल्या काळात पाण्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेले. येथे केंद्र आणि राज्य यांच्या वाटणीचा मला सर्वांत समंजस वाटलेला भाग दिसला. मैलापाण्याच्या शुद्धीकरणाचे केंद्राचे मानक २०१७ च्या अधिसूचनेत आहे. त्यात जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू लागतो याचे माप), महानगरांत दर लिटरला २० मिलिग्रॅम आणि इतरत्र ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते. आमच्या संमतीपत्रात ही मर्यादा १० आहे. सभेत याच आकड्यावरून वाद झाला, की केंद्र २० ला परवानगी देत असताना राज्याने १० मागावे कशाला. उत्तर १९८६ च्या नियमांत आहे: केंद्राने ठरवलेल्या मानकापेक्षा अधिक कडक मानक राज्य मंडळ लावू शकते, सैल मात्र करू शकत नाही. उद्योग ओढून आणण्यासाठी राज्याराज्यांत नियम ढिले करण्याची चढाओढ लागू नये म्हणून तळाची रेषा एकाच ठिकाणी आखलेली असते, आणि स्वतःच्या नदीची अवस्था जाणणाऱ्या राज्याला त्या रेषेच्या पुढे जाण्याची मोकळीक असते. मुळा-मुठेकाठी राहणाऱ्यांनी तरी या मोकळिकीबद्दल तक्रार करू नये असे मी सभेत म्हणालो. ते सर्वांना रुचले नाही, कारण १० च्या आत राहायचे तर ब्लोअर अधिक वेळ चालतात आणि वीजबिल वाढते.

मंडळाला आदेश दोन्हीकडून येऊ शकतात. जल कायद्याच्या कलम १८ प्रमाणे राज्य मंडळ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि राज्य सरकारच्या अशा दोन्ही निर्देशांना बांधील असते, आणि ते परस्परविरोधी निघाले तर अंतिम शब्द केंद्र सरकारचा. शेजारच्या इमारतीतील जोशीकाकूंची मुलगी अमेरिकेत बोस्टनला याच क्षेत्रात काम करते. तिने सांगितले की तिकडे १९७२ च्या फेडरल कायद्याखालचे सांडपाण्याचे परवाने बहुतेक राज्ये स्वतः देतात, पण तिच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ते अजूनही थेट केंद्राची पर्यावरण संस्था, ईपीए, देते. आपल्याकडे अशी निवड राज्यांपुढे ठेवलेली नाही. संमतीपत्र सगळीकडे राज्य मंडळच देते. त्यामुळे मंडळाकडे माणसे किती आहेत यावर कायद्याचा अंमल बराचसा ठरतो.

तिसरा कागद पुण्यातला, आणि तोच सर्वांत किरकोळ वाटत होता: वापरून उरलेले शुद्ध केलेले पाणी सोडण्यासाठी ड्रेनेज जोडणी. आमच्या इमारतींचे नकाशे मंजूर झाले तेव्हा सूस ग्रामपंचायतीत होते आणि बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडून, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, मिळाली होती. ३० जून २०२१ रोजी सूससह २३ गावे महापालिकेत आली. म्हणजे मंजुरीत ज्या स्थानिक संस्थेचा उल्लेख होता तिच्या जागी दुसरीच संस्था आली होती, आणि एका कार्यालयातून मला ‘जुना रेकॉर्ड आमच्याकडे नाही’ हे उत्तर मिळाले. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज करून नकाशाची प्रत मिळवली.

महापालिकेचा अधिकार या सगळ्यात कोठून येतो, हे पाहिले तेव्हा १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती समोर आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन आहे, नागरी वनीकरण आहे, पर्यावरणाचे संरक्षणही आहे. पण अनुच्छेद २४३-डब्ल्यू असे म्हणतो की राज्याचे विधिमंडळ हे अधिकार नगरपालिकांना देऊ शकेल. द्यावेच, असे तो म्हणत नाही. महापालिका जे करते ते १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या आधारे, म्हणजे राज्याने दिलेल्या अधिकारात. मैलापाणी रोज हाताळायचे तिने, आणि ते करण्यासाठीचा मोठा पैसा मात्र वरून यावा लागतो. पुण्याच्या नदी प्रदूषण नियंत्रण योजनेचे उदाहरण घेतले तर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे ९९० कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पात अकरा शुद्धीकरण केंद्रे होती. त्यासाठी जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने, म्हणजे जायकाने, केंद्र सरकारला कर्ज दिले, केंद्राने ८५ टक्के रक्कम अनुदान म्हणून द्यायची आणि उरलेले १५ टक्के महापालिकेने घालायचे अशी रचना होती. माझ्या मते आपल्या व्यवस्थेचा अशक्त सांधा हाच आहे. नियमांची वाटणी विचारपूर्वक झालेली आहे. पैशाची आणि माणसांची वाटणी त्या मानाने मागे राहिली आहे.

सभासदांपैकी काहींनी ‘हे सगळे एका खिडकीवर का होत नाही’ असे विचारले. अर्ज एका ठिकाणी भरण्याची सोय व्हावी हे मलाही मान्य आहे, पण निर्णय एकाकडे देणे मला नको वाटते, आणि त्याचे कारण नदीच्या वाटेत आहे. आमच्या भागातील ओढे मुळेला मिळतात. मुळेच्या एका काठावर पुणे महापालिका, तर बऱ्याच लांबीत दुसऱ्या काठावर पिंपरी-चिंचवड महापालिका. खाली खडकीला छावणी परिषद (कॅन्टोन्मेंट बोर्ड) लागते, आणि छावण्या हा संघसूचीतील विषय असल्याने ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. संगमावर मुठा मिळते, तेच पाणी भीमेतून उजनी धरणात जाते, जेथून सोलापूरला पिण्याचे पाणी मिळते, आणि तेथून पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. पुण्यातल्या एका खिडकीने फक्त पुण्याची सोय पाहिली तर सोलापूरची बाजू कोण मांडणार? आणि राज्याने फक्त स्वतःपुरते पाहिले तर सीमेपलीकडची? कृष्णा खोऱ्यातील पाणी किती कोणाला, याचा निवाडा करायला लवाद नेमले गेले. पाणी कोणत्या अवस्थेत पुढे पाठवायचे, हा प्रश्न मात्र संमतीपत्रांच्या अटींतूनच सोडवावा लागतो.

हस्तांतरणाचा आदेश आल्यावर बाकीचे पटकन मार्गी लागले. मंडळाने अटींच्या पूर्ततेसाठी बँक हमी मागितली, ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतली, आणि संमतीपत्र संस्थेच्या नावाने मिळाले. आता दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अर्धवार्षिक अनुपालन अहवाल द्यायचा असतो, आणि त्याची एक प्रत केंद्रीय मंत्रालयाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयालाही जाते. हे काम सल्लागारावर न सोडता प्रयोगशाळेचे दाखले, प्रवाहमापकाच्या नोंदी आणि गाळाच्या विल्हेवाटीच्या पावत्या मी दर महिन्याला एका वहीत चिकटवून ठेवतो, म्हणजे अहवाल भरायला एक दुपार पुरते.

विंधन विहिरीची परवानगी अजून बाकी आहे. भूजल हा राज्याच्या अखत्यारीतील विषय मानला जात असला आणि महाराष्ट्राचा २००९ चा स्वतंत्र कायदा असला, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणही स्थापन झालेले आहे, आणि २०२० च्या त्याच्या मार्गदर्शक सूचनांत गृहनिर्माण संस्थांचा समावेश आहे. अर्ज कोणाकडे करायचा हे लेखी विचारले आहे. उत्तर येईपर्यंत बागेला एसटीपीचेच पाणी जाईल.