सात नंबरच्या ग्रीनला खाचराचा वास

वास आधी मला आला नाही, मामांना आला. जुलैचा तिसरा आठवडा, गुरुवार, सकाळचे पावणेसहा. पाऊस जरा थांबलेला पण धुकं इतकं खाली की आमच्या गोल्फ कोर्सवरच्या सात नंबरच्या ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसेना. मामा म्हणजे आमचे मुकादम, होल कटर घेऊन नवीन कप, म्हणजे बॉल पडायचं भोक, पाडत होते. कटर पिळून त्यांनी मातीचा गड्डा वर काढला, नाकाजवळ नेला आणि हाक मारली, "सायेब, जरा इकडं या. खाचराचा वास येतोय याला."

मी एका गोल्फ कोर्सवर ग्रीन्स सांभाळतो, पुण्याच्या पश्चिमेला, घाटाच्या जरा अलीकडे. शिक्षण बीएस्सी ॲग्री, राहुरीचं. घरच्यांना अजून नीट सांगता येत नाही मी काय करतो, गवत कापतो म्हटलं की विषय संपतो. आणि सगळ्यांना वाटतं की पावसाळ्यात आम्हाला आराम असेल, गवत आपोआप हिरवं, पाणी द्यायला नको. उलट आहे. मे महिन्याच्या उन्हात आमचं ग्रीन मरत नाही, पाणी वेळेवर दिलं की झालं. मरतं ते जुलैत.

आमच्या ग्रीनवर टिफड्वार्फ आहे, बर्म्युडा जातीचं बुटकं गवत, म्हणजे आपल्या हरळीच्याच घरातलं. शेतकऱ्याला विचारा हरळी काय चीज आहे ते, नांगरा, खणा, जाळा, पुन्हा येते. तीच हरळी साडेतीन मिलीमीटरवर रोज कापायला लागलात की तिच्याकडे पानच उरत नाही, आणि तिला लागतं कडक ऊन, दिवसाचे निदान सात-आठ तास. आमच्याकडे जूनच्या मध्यापासून सूर्य गायब होतो तो कधी कधी तीन-तीन आठवडे दिसत नाही. मग गवत उन्हाच्या शोधात लांबट, फिकट होतं, मुळं वर सरकतात, विरळ झालं की मधल्या मोकळ्या जागेत शेवाळ बसतं, आणि शेवाळ एकदा वाळून पापुद्रा झालं की खाली ना हवा जात ना पाणी. म्हणून पावसाळ्यात मी मशीन ५ मिलीमीटरपर्यंत वर उचलतो. ते वर उचललं की बॉल हळू पळतो, आणि बॉल हळू पळाला की मेंबर लोकांचे फोन सुरू. जानेवारीत स्टिंपमीटरवर, म्हणजे बॉल किती लांब पळतो ते मोजायच्या पट्टीवर, ९ फूट येतं ते जुलैत ७ वर येतं. मला दर वर्षी हे समजावून सांगावं लागतं आणि दर वर्षी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतात.

तर तो गड्डा. १०८ मिलीमीटर रुंदीचा वाळूचा गोल, वरती गवत, आणि साधारण दीड-दोन इंचाखाली बोटभर जाडीचा काळा पट्टा, काजळ कालवल्यासारखा. पांढरी मुळं त्या पट्ट्यापर्यंत येऊन थांबलेली, खाली एक नाही. वास सडक्या अंड्याचा. मी कॉलेजात याच्याबद्दल वाचलं होतं, एकदा दुसऱ्याच्या कोर्सवर फिकट पाहिलाही होता, पण स्वतःच्या ग्रीनमध्ये असा गडद पहिल्यांदा. ब्लॅक लेअर म्हणतात. वाळूत पाणी साचून राहिलं की हवा संपते, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू सल्फेटवर जगायला लागतात, त्यातून हायड्रोजन सल्फाईड तयार होतो, तो लोहाशी जुळला की काळा होतो. मुळं त्यात गुदमरून मरतात.

मामांनी हे काही वाचलेलं नाही पण त्यांना ते माझ्या आधी कळलं, कारण त्यांची स्वतःची भाताची खाचरं आहेत आणि चिखलणीला पाय घातला की वर येतो तो हाच वास. फरक एवढाच की भात स्वतःच्या पोकळ देठातून मुळांपर्यंत हवा नेतं. हरळीला ते तेवढं जमत नाही.

गेले आठ-दहा दिवस सात नंबरवर तेलकट, गडद असे डाग दिसत होते आणि आम्ही सगळे बुरशी समजत होतो. पिथियम नावाच्या रोगाचे डाग तसेच दिसतात, पाण्याच्या वाटेने पसरतात, मशीनच्या चाकाबरोबर पसरतात. म्हणून ओल्या गवतावर मशीन बंद, आधी लांब बांबूने दव झोडायचं, पाती मोकळी करायची, मग कापायचं, हे आम्ही पाळत होतो. मेटालॅक्झिल मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचे दोन फवारे झाले होते. औषधवाला तिसरा घेऊन तयारच होता, त्याच्याकडे कुठल्याही डागाला एकच उत्तर असतं. दोन फवारे फुकट गेले हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी दहा दिवस वरून बघत राहिलो, एकदाही गड्डा काढून खाली बघितलं नाही. रोज कप बदलताना माती निघते, ती बघायची असते, आणि मी ते काम माळ्यांवर सोडून दिलं होतं.

रविवारी टूर्नामेंट होती. मी गड्डा कागदात गुंडाळला आणि साडेदहाच्या कमिटी मीटिंगला घेऊन गेलो, म्हटलं एकदा बघितलं की पटेल. कागद उघडला तर काळा पट्टा राखाडी झालेला, वास जवळजवळ गेलेला. हवा लागली की तो सल्फाईड उडून जातो, रंग उतरतो, हे मला माहीत होतं आणि तरी मी साडेचार तास तो कागदात ठेवला. समोर सात जण बसलेले, टेबलावर एक साधा ओला वाळूचा गड्डा. एकजण म्हणाले, गवतच आहे ना, थोडं खत मारा. मला त्या माणसाचा राग येतो तो खतावरून नाही, त्या "गवतच आहे ना" वरून येतो.

क्लबच्या कॅप्टनसाहेबांना मी एवढंच म्हटलं की सर तुम्ही पाच मिनिटं माझ्याबरोबर चला. ते आले, हे त्यांचं मोठेपण, पाऊस पुन्हा सुरू झाला होता. ग्रीनवर त्यांच्यासमोर कटर मारला, गड्डा काढला आणि हातात दिला. त्यांनी वास घेतला, तोंड फिरवलं, आणि विचारलं किती दिवस बंद. मी म्हटलं तीन आठवडे. म्हणाले, रविवारी? मी म्हटलं रविवारीसुद्धा, फेअरवेवर, म्हणजे ग्रीनच्या आधीच्या गवतपट्ट्यावर, टेम्पररी ग्रीन कापून देतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "करा" म्हणाले.

आता करायचं काय. पुस्तकातलं उत्तर सोपं आहे, एरेटर म्हणजे भोकं पाडायचं मशीन लावा, पोकळ टाईनने म्हणजे दात्याने मातीचे गाभे काढा, भोकात कोरडी वाळू भरा. पण त्या ओल्यात ते वजनदार मशीन ग्रीनवर चढवलं तर चाकं रुतणार आणि जे दाबलं गेलंय ते अजून दाबलं जाणार. म्हणून हाताने. बागेचे चार दात्यांचे फोर्क, खाली प्लायवुडचे तुकडे टाकून त्यावर उभं राहायचं, पायाने चार-पाच इंच दाबायचं, मूठ जरा मागे ओढायची म्हणजे खालचा थर तडकतो, उपसायचा, दहा सेंटीमीटर सोडून पुढचा. सात नंबर साधारण साडेचारशे चौरस मीटरचं. मी हिशोब केला, मीटरला पन्नास घाव धरले तर साडेबावीस हजार. आणि माणसं किती? जुलै, म्हणजे आवणी. आमचे निम्मे माळी याच भागातले, भाताची लावणी आली की ते येत नाहीत आणि त्यांनी का यावं, वर्षाचं धान्य आहे ते. आठ माणसं मिळाली. शिवाय चौघीजणी, ज्या एरवी तण काढतात. त्यांच्याकडे मी वाळू भरायचं काम दिलं आणि ते काम पुरुषांच्या कामापेक्षा नाजूक होतं. तरी त्यांचा रोज पुरुषांपेक्षा कमी आहे, मी हे दोनदा लेखी मांडलंय.

वाळूबद्दल मला बोलायलाच हवं. पावसाळ्यात नदीची वाळू मिळत नाही, उपशाला बंदी असते, मग सगळे क्रश सँडचं, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचं, नाव घेतात. ग्रीनवर क्रश सँड चालत नाही. तिचे कण धारदार असतात, त्यात पीठ असतं, ते पीठ पावसात खाली उतरून सिमेंटसारखं बसतं. मी एप्रिलमध्येच वाळू घेतो, प्रत्येक ट्रकमधली मूठभर पारदर्शक बाटलीत पाणी घालून हलवतो, रात्रभर ठेवतो, वर गाळाचा थर दिसला तर ट्रक परत. दोन ट्रक परत पाठवले होते तेव्हा स्टोअरवाले माझ्यावर चिडले होते. पास झालेली वाळू शेडमध्ये दुहेरी ताडपत्रीखाली होती, कोरडी, चाळलेली, हातातून पाण्यासारखी सुटणारी. त्या गुरुवारी ती नसती तर भोकं पाडून उपयोग नव्हता, ओली वाळू भोकात उतरतच नाही. वर दोन बांबूंवर ताडपत्री धरून, एका वेळी दोन-तीन मीटरचा पट्टा, फोर्क, वाळू, मऊ झाडूने आत सारणं, पुढे सरकणं. असं अकरा ते तीन.

आणि तीनच्या सुमाराला मामा दिसेनात. मी म्हटलं चहाला गेले असतील. ते ग्रीनच्या खालच्या अंगाला, नाल्याकडच्या उतारावर पहार घेऊन ठोकत होते. मला म्हणाले, "पाणी आत येतंय तेवढं जातंय कुठं, ते बघतोय."

हे ग्रीन युएसजीए, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या, पद्धतीचं आहे, म्हणजे वर ३० सेंटीमीटर वाळूचा थर, खाली १० सेंटीमीटर खडी, खडीखाली पाईप, पाईपचं तोंड नाल्याकडे. १९६० पासून ही पद्धत जगभर वापरात आहे. यात वाळूच्या थरात खडीच्या वर थोडं पाणी अडून राहतं, ते मुद्दामच, उन्हाळ्यात गवताला लागतं. पण जास्तीचं पाणी पाईपने गेलं तरच. मामांनी पहार टाकली तिथे मे महिन्यात आम्ही गाडीवाट रुंद केली होती. कंत्राटदाराने उरलेला मुरूम आणि डबर उतारावर लोटून दिलं होतं, वर लॉन लावून दिली, दिसायला सुंदर. चार फूट खणल्यावर पाईपचं तोंड लागलं, मुरमाने गच्च बंद. मामांनी पहारीने ते फोडलं आणि काळं पाणी बाहेर आलं, आधी ठिबकत, मग धारेने, आणि पूर्ण उतारावर तोच खाचराचा वास. वीस-पंचवीस मिनिटं धार चालू होती. आठही जण फोर्क टाकून बघायला आले.

त्या गाडीवाटेच्या कामाच्या बिलावर "काम समाधानकारक" म्हणून सही माझी आहे. मी उतार बघितला होता. पाईपचं तोंड कुठे आहे हे ड्रॉइंगमध्ये होतं आणि ड्रॉइंग माझ्या कपाटात.

साडेतीनला आभाळ फुटलं. ताडपत्री धरवेना, वाळू भिजायला लागली, काम थांबवावं लागलं. मागच्या बाजूचा साधारण पाचवा हिस्सा फोर्कशिवाय राहिला. रविवारी टूर्नामेंट सतरा ग्रीन आणि एका टेम्पररीवर झाली, मला तीन तक्रारी लेखी आल्या.

ग्रीन वाचलं. श्रावणात उघडीप मिळाली, आठ दिवस सलग ऊन, कॅल्शियम नायट्रेटचे हलके फवारे दिले, अमोनियम सल्फेट पूर्ण बंद. पाचव्या आठवड्यात, तीनच्या नाही, खेळायला दिलं. गड्ड्यात पांढरी मुळं काळ्या पट्ट्याच्या जागेतून खाली गेलेली दिसली तेव्हा मी मामांना हाक मारून दाखवली.

पण कशाने वाचलं हे मला सांगता येत नाही. फोर्क आणि पाईप एकाच दिवशी झालं. जो पाचवा हिस्सा फोर्कशिवाय राहिला तोही बरा झाला, म्हणजे पाईपच खरा, असं म्हणावं तर तो हिस्सा मुळातच उंचावर आहे, तिथे पट्टा आधीच पातळ होता. आणि तिसरी गोष्ट जी मी कमिटीच्या रिपोर्टमध्ये लिहिली पण कोणी विचारली नाही: जूनमध्ये रंग यावा म्हणून मी सगळ्या ग्रीन्सवर हिराकशीचे दोन फवारे दिले होते. हिराकस म्हणजे लोह आणि सल्फेट, त्या काळ्या पट्ट्याला जे दोन्ही लागतं ते. प्रमाण थोडं होतं, बाकी सतरा ग्रीन्सना काही झालं नाही, पण बाकी सतरांचे पाईप उघडे होते. पाईप बंद आणि हिराकस नाही, असं असतं तर पट्टा इतका काळा झाला असता का? ते तपासायचं तर पुन्हा एक ग्रीन बुडवावं लागेल.

रिपोर्टमध्ये कंत्राटदाराचं नाव होतं, सहीबद्दलचं वाक्य मी स्वतः घातलं. चर्चा झाली ती टेम्पररी ग्रीनच्या जागेवर.

आता दर सोमवारी अठराही ग्रीनवर कप बदलताना मी स्वतः हजर असतो, गड्डा निघाला की लगेच, हवा लागायच्या आत, वास घेतो. सातच्या मागच्या पट्ट्यात गेल्या सोमवारी अगदी फिकट राखाडी रेघ दिसली. वास नव्हता. मी तो गड्डा मामांकडे दिला, त्यांनी नाकाला लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि म्हणाले, पुढच्या सोमवारी परत बघू.