पाच पौंडांचं भूत

भुताच्या गोष्टीत मला भुतापेक्षा ते येण्याआधीचा अंधार जास्त आवडतो. भूत एकदा समोर आलं, की निम्मी मजा गेली. इंग्रजी कवी कोलरिजची ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ ही म्हाताऱ्या खलाशाची कविता वाचताना माझं हेच होतं.

तिचा जन्म मात्र अगदी व्यवहारी. नोव्हेंबर १७९७ मध्ये कोलरिज, वर्ड्‌स्वर्थ हा त्याचा कविमित्र आणि त्या मित्राची बहीण डोरोथी इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये पायी भटकायला निघाले. खिशात पैसे बेताचेच. मग एक कविता लिहून मासिकाला पाच पौंडांना विकायची आणि सहलीचा खर्च काढायचा, असं ठरलं. खलाशाने अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी मारण्याची कल्पना वर्ड्‌स्वर्थची. एका जुन्या सफरवर्णनात त्याने तसा प्रसंग वाचला होता. लिहायलाही दोघं मिळून बसले, पण वर्ड्‌स्वर्थने लवकरच अंग काढून घेतलं.

कवितेत भुतं भरपूर आहेत. सांगाड्यासारखं जहाज येतं, त्यावर मृत्यू आणि त्याची जोडीदारीण खलाशांच्या जिवावर फासे टाकतात. मला हा भाग जरा नाटकीच वाटतो. खरा काटा येतो तो वारा पडतो तेव्हा. जहाज चित्रातल्यासारखं जागच्या जागी, चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. बुळबुळीत जीव पाण्यावर सरपटताहेत आणि रात्री तेच पाणी चेटकिणीच्या तेलासारखं हिरवं, निळं, पांढरं पेटतंय. यात खोटं काय आहे? कोकण किनाऱ्यावरही एखाद्या रात्री लाट फुटताना निळा उजेड चमकतो. तो सूक्ष्म जीवांचा असतो.

पुढे चंद्रप्रकाशात म्हातारा खलाशी पाणसाप बघतो. निळे, तुकतुकीत हिरवे, मखमली काळे. जातील तिथे सोनेरी ठिणगी. नकळत त्याच्या मनातून त्यांच्यासाठी आशीर्वाद निघतो आणि पक्षी मारल्याबद्दल त्याच्या गळ्यात अडकवलेला मेलेला अल्बट्रॉस गळून पडतो. समुद्र तोच, किळस तेवढी गेलेली. फासे टाकणाऱ्या बाईपेक्षा हा चमत्कार मला कितीतरी मोठा वाटतो.

१७९८ मध्ये दोघा मित्रांच्या ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाची सुरुवातच या कवितेने झाली. दुसऱ्या आवृत्तीत वर्ड्‌स्वर्थने तिला पुढून उचलून मागे टाकलं. हिच्यामुळे पुस्तकाचं नुकसान झालं, असं त्याचं मत. मिसेस बार्बोल्ड या लेखिकेची तक्रार वेगळीच: कवितेत बोध नाही. कोलरिज म्हणाला, उलट बोध जास्तच झालाय. अरबी सुरस कथांमधल्या त्या व्यापाऱ्याच्या गोष्टीइतकाच हवा होता. व्यापारी विहिरीपाशी बसून खजूर खातो, बिया फेकतो आणि जिन उभा राहतो: ‘तुझ्या बीने माझ्या पोराचा डोळा फुटला, आता तुला मारणार!’