उपग्रह असताना वादळात विमान कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. खरं तर सगळेच विचारतात, गणपतीच्या आरतीनंतर, लग्नाच्या पंगतीत. उपग्रह असताना हरिकेनमध्ये, म्हणजे अमेरिकेकडच्या चक्रीवादळात, विमान घालायचं कशाला? आणि घालताच, तर अंदाज चुकतो कसा?

पहिल्याचं उत्तर सोपं. उपग्रहाला मुख्यतः ढगांचा माथा दिसतो. वादळात शिरणाऱ्या अमेरिकी ओरायन विमानाच्या शेपटीतलं डॉपलर रडार (पाऊस जवळ येतोय की दूर जातोय ते मोजणारं) फिरता फिरता जरा पुढे, जरा मागे बघतं. एकाच पावसाला दोन कोनांतून गाठलं की आतला वारा कळतो. विमान हवेत असतानाच ते आकडे खाली निघतात. २०१३पासून हरिकेनचा अंदाज काढणारं अमेरिकेचं संगणकी मॉडेल ते वापरतं.

दुसऱ्याचं उत्तर म्हणजे ओटिस नावाचं वादळ. २४ ऑक्टोबर २०२३च्या सकाळी मेक्सिकोच्या किनाऱ्यापुढे ते हरिकेनसुद्धा नव्हतं. दुपारी अमेरिकी हवाई दलाचं एक विमान आत शिरलं, तेव्हा कळलं की हे भलतंच वाढलंय. रात्री पाचवी, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. मध्यरात्र उलटली आणि ते अकापुल्कोवर आदळलं. मी घरी लॅपटॉपसमोर. वारा वाढतोय, आणि मॉडेलांच्या अंदाजाच्या रेघा खाली आडव्या पडलेल्या. चहावर साय धरली, तरी मी पान रिफ्रेश करतच होते.

सकाळी काकांचा मेसेज: ‘तुमचं रडार कुठं होतं गं?’

कुठंच नव्हतं. हवाई दलाच्या त्या विमानांना शेपटीचं रडार नसतं, आणि ते असलेली ओरायन दोनच. मी चिडून लिहिलं, ‘असतं तर अंदाज चुकला नसता.’

तेव्हा मला ते पटलेलं होतं. पुढे एका दुसऱ्या वादळाचा रडार डेटा मी स्वतः मॉडेलला भरवला. सुरुवातीचं चित्र इतकं हुबेहूब आलं की मी शेजारच्याला बोलावून दाखवलं. आणि पहिल्या सहा तासांत मॉडेलनं ते वादळ आपणहून मंद करून टाकलं. दिलेला वारा त्याला पेललाच नाही. तीन आठवडे मी अधिक-उणे चिन्हं तपासली. विमानाकडे येणारा वारा आणि दूर जाणारा यांत गफलत झाली की सगळंच उलटतं. चूक सापडली नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणजे ओटिसमध्ये रडार असतं तरी? असतं तर निदान दुपारचं चित्र खरं असतं, एवढं मी अजूनही म्हणेन. सकाळचं कुणी दाखवलं असतं?

काकांना पाठवलेलं ते उत्तर तसंच आहे. मागच्या दिवाळीत त्यांनी ते चारचौघांत माझ्यासमोरच वाचून दाखवलं, आणि मी चकलीचा तुकडा मोडत गप्प बसले.