श्रावणात जळणारा ट्विटर

गाण्याच्या बाईंचे स्पीकर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते गेल्या श्रावणात. डावा ट्विटर, म्हणजे बारीक, उंच सूर वाजवणारा आतला छोटा स्पीकर, गेला होता. यंदा पुन्हा आले, पुन्हा श्रावणातच, आणि या वेळी उजवा गेला होता. मधल्या वर्षभरात बाई मला तीनदा सांगून गेल्या की डावीकडून तंबोरा नीट ऐकू येत नाही, आणि तिन्ही वेळा मी त्यांना मीटर दाखवून परत पाठवलं. ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलोय.

पुण्यात तपकीर गल्लीला लागून एका बोळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय. आलेला अॅम्प्लिफायर मी कधीच थेट मेन्सला लावत नाही. आधी शंभर वॅटच्या साध्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतो. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर पेटून विझत आला तर जीव आहे. वूफरला, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला, पेन्सिल सेल टेकवतो, कोन बाहेर सरकला तर प्लस-मायनस बरोबर. आणि जळालेला ट्विटर काढला की आधी नाकाशी धरतो. कॉइलच्या वार्निशचा करपट वास एकदा नाकात बसला की मीटर लावायची गरज उरत नाही. बाईंच्या उजव्या ट्विटरला तो वास होता. मागच्या वर्षी डाव्यालाही होता.

दोन वर्षांत दोन ट्विटर, आणि दोन्ही जळून. स्पीकर साधेच, बुकशेल्फ प्रकारातले, आठ ओमचे (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), मागच्या पट्टीवर संवेदनक्षमता, म्हणजे एका वॅटमध्ये किती मोठा आवाज निघतो तो आकडा, ८४ डीबी आणि ‘१० ते १०० वॅट’ असं छापलेलं. मी विचारलं, "बाई, अॅम्प्लिफायर कोणता आहे?"

"भाच्यानं आणलाय. छोटासा आहे, तळहाताएवढा. खोक्यावर १०० वॅट लिहिलंय, स्पीकरवरही १००च. जुळवून आणलं म्हणाला."

हा प्रश्न मी मागच्या वर्षी विचारला नव्हता. गणपतीच्या तोंडावर गल्लीत मंडळांच्या अॅम्प्लिफायरांची रांग लागलेली असते. त्या घाईत मी ट्विटर बदलला, आवाज आला, पैसे घेतले. आमच्या धंद्यात बहुतेक जण असंच करतात. जळालेला भाग बदलून देतात, तो कशाने जळाला ते विचारत नाहीत, आणि माणूस पुन्हा आला की त्यालाच म्हणतात, ‘आवाज कमी ठेवा.’

उजवीकडे नवा ट्विटर बसवला आणि या वेळी स्पीकर घेऊन मीच बाईंच्या घरी गेलो. नारायण पेठ, नदीच्या बाजूला, जुन्या इमारतीचा दुसरा मजला. संध्याकाळी सहा ते आठ क्लास. वीसेक मुलं सतरंजीवर, बाई मध्यभागी, आणि स्पीकर मुलांच्या पाठीमागे भिंतीलगतच्या उंच कपाटावर. पुढच्या रांगेपासून चार मीटर तरी लांब. मी पोचलो आणि दहा मिनिटांत नदीपात्रातून ढोल सुरू झाले. गणपतीआधी दीड-दोन महिने पथकांचा सराव तिथेच चालतो. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. बाईंनी काही न बोलता हात लांब करून अॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला.

श्रावणाचं कोडं तिथेच सुटलं.

अॅम्प्लिफायर हातात घेतला. आत टीपीए ३११६, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची क्लास डी चिप. चिप चांगली आहे. दोन-तीन हजारांत तिच्याइतकं स्वच्छ वाजणारं फार थोडं मिळतं, म्हणून मी स्वतःही लोकांना सुचवतो. पण खोक्यावरचे १०० वॅट म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. दोन चॅनेलचे मिळून १००, तेही २१ व्होल्टवर, चार ओमच्या स्पीकरला, आणि दहा टक्के विकृती चालवून घेतली तर. दहा टक्के विकृती म्हणजे गळा फाटल्यावरचा आवाज. बाईंकडे लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अॅडॉप्टर आणि आठ ओमचे स्पीकर. गणित सोपं आहे: व्होल्टचा वर्ग भागिले ओमची दुप्पट. १९ गुणिले १९ म्हणजे ३६१, त्याला १६ ने भागलं की साडेबावीस. एका बाजूला स्वच्छ आवाज जास्तीत जास्त बावीस वॅट. जुन्या टू-इन-वनच्या खोक्यांवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या शक्तीचे, हजारांतले आकडे छापून लोकांना वॅटचा अर्थच विसरायला लावला, त्याची फळं आम्ही अजून भोगतोय.

लोकांना वाटतं मोठा अॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो, छोट्याची काय बिशाद. माझ्या टेबलावर येणारे निम्म्याहून जास्त जळके ट्विटर छोट्या अॅम्प्लिफायरने जाळलेले असतात. का, ते मी बाईंना दाखवलं. सोबत लहान स्कोप, म्हणजे आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, नेला होता, तो स्पीकरच्या टर्मिनलला लावला आणि त्यांना नेहमीचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आलापात पडद्यावर लाट सुरेख गोल फिरत होती. तान सुरू झाली, गळा तार सप्तकात गेला आणि लाटांची डोकी सुरीने कापावी तशी सपाट झाली. अॅडॉप्टरकडे त्यापुढे द्यायला व्होल्टच नव्हते. डोकं कापलेल्या लाटेत मूळ सुरात नसलेले वरचे सूर तयार होतात, ते थेट ट्विटरकडे जातात, आणि शिवाय लाट सपाट झाल्याने सरासरी शक्तीही चढते. ट्विटरची तार केसासारखी. दोन तास रोज, महिनाभर. जळणारच.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कापलेलं मला ऐकू येतं हो. तानेत आवाज खरखरीत होतो. मला वाटायचं रेकॉर्डिंगच तसं असेल."

मोठा अॅम्प्लिफायर घ्या, असं सांगणार होतो. तेवढ्यात कपाटाकडे लक्ष गेलं. उघड्या जागेत अंतर निम्मं केलं की सहा डीबी मिळतात, आणि सहा डीबी म्हणजे चौपट वॅट. बंद खोलीत थोडे कमी मिळतात, तरी पुष्कळ. स्पीकर खाली उतरवले, दोन लाकडी स्टुलांवर मुलांच्या पुढ्यात दीड-दोन मीटरवर ठेवले, ट्विटर बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीवर. नदीकडची खिडकी लावून घेतली. आवाजाचं बटण घड्याळातल्या दोनच्या जागेवरून मागे साडेदहाच्या जागेवर आलं आणि मागच्या रांगेतल्या मुलीला पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येऊ लागलं. स्कोपवर तानेची डोकी गोल राहिली. एक रुपया खर्च नाही. हेच स्पीकर ९० डीबीचे असते तर कपाटावरूनही निभावलं असतं, कारण ८४ ते ९० म्हणजे पुन्हा तेच चौपट. पण स्पीकर घेताना तो आकडा कुणी वाचत नाही, विकणारासुद्धा.

मी पाना-पक्कड आवरत होतो. समाधान वाटत होतं. बाईंनी कोपऱ्यातला तंबोरा घेतला. जवारी, म्हणजे तारेवरची झिणझिण, लावायला घोडीवरचा दोरा बोटाने किंचित पुढे, किंचित मागे. एका जागी तार अचानक उघडली आणि खोली भरून गेली. मग त्यांनी रेकॉर्डिंगमधला तंबोरा लावला, आधी फक्त उजवा स्पीकर, मग फक्त डावा.

"अहो, ऐका जरा. उजव्याचाही ट्विटर नवाच ना? मग याला जवारी आहे आणि डाव्याला का नाही?"

मला फरक कळला नाही. खरंच कळला नाही. पण त्या दिवशी मी मीटर काढला नाही, स्क्रू-ड्रायव्हर काढला. डावा ट्विटर बाहेर आला. मागच्या चुंबकावर लहान अक्षरांत चार ओम. मूळ ट्विटर आठ ओमचा. गेल्या वर्षी दुकानदाराने ‘सगळ्यांना हाच बसतो’ म्हणून दिला होता, आणि मी न वाचता बसवला होता. वर्षभर बाईंना दाखवत होतो तो मीटरचा नुसता बजर. बजर वाजला म्हणजे तार तुटलेली नाही, एवढंच. ओम मी वाचलेच नव्हते.

ट्विटरच्या आधी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. आठ ओमला तो साधारण ४२०० हर्ट्झपासून वरचं सोडतो. चार ओमचा ट्विटर लावला की तीच रेघ दुप्पट वर सरकते, साडेआठ हजारांच्या आसपास. मधल्या पट्ट्यात वूफर थकलेला आणि ट्विटर अजून उठलेला नाही. तंबोऱ्याच्या तारेवरची ती झिणझिण नेमकी तिथे पातळ पडत होती. चाळीस वर्षं रोज जवारी लावणाऱ्या बाईला ते पहिल्या दिवशी कळलं होतं आणि मी त्यांना म्हणालो होतो, "बाई, मीटर खोटं बोलत नाही."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला ओम कळत नाहीत. पण मला कळतं तेवढं तुम्ही ऐकून घ्यायला हवं होतं." एवढंच. नंतर चहा केला.

एकाच बनावटीची, आठ ओमची जोडी मिळायला दोन आठवडे लागले. काल दोन्ही बाजूंना बसवली, ओम मोजून वहीत लिहून ठेवले, डावा ५.८, उजवा ५.९. आठ ओमचा ट्विटर मीटरवर एवढाच दाखवतो. आता दुकान बंद करून त्यांच्याच रेकॉर्डिंगमधला तंबोरा लावून बसलोय, आधी डावा, मग उजवा. मला दोन्ही सारखे ऐकू येतात. पण मला ते वर्षभर सारखेच ऐकू येत होते. गुरुवारी क्लास सुटल्यावर स्पीकर घेऊन जायचंय. बाई म्हणाल्यात, तंबोरा लावून ठेवते.